फरशीचा बंदोबस्त

पुण्याच्या आसपास दर पावसाळ्यानंतर जी नवनवी उपनगरे उगवलेली दिसतात, त्यांतील कोणत्याही इमारतीचे माहितीपत्रक उघडून पाहिले, तर 'ग्रॅनाइटचा ओटा' आणि 'कन्सील्ड वायरिंग' या दोन आश्वासनांच्या मध्ये 'सर्व खोल्यांत दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स' हे तिसरे आश्वासन हटकून आढळते. आणि नवल असे की पहिल्या दोहोंबद्दल बिल्डरशी वर्षानुवर्षे तंटा चालवणारे सज्जनही हे तिसरे मात्र पुरेपूर पाळले गेल्याचे गृहप्रवेशाच्या दिवशीच मान्य करतात, कारण उंबऱ्यावरून आत टाकलेले पहिलेच पाऊल सरळ दिवाणखान्याच्या मध्यावर जाऊन थांबते.

या फरशीचे कुळ मोठे आहे. ती पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीची. आणि एक काळ असा होता की या चिनी मातीपायी युरोपातील राजेरजवाड्यांची मती गुंग झाली होती. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० स्वार देऊन त्यांच्या मोबदल्यात चिनी मातीचे १५१ नग पदरात पाडून घेतले. हिशेब मांडला तर एका भांड्यास जवळजवळ चार स्वार पडले, आणि फुटले तर चारही बुडाले. याच ऑगस्टसाने, हलक्या धातूचे सोने करून दाखवतो अशी फुशारकी मारणाऱ्या ब्योटगर नावाच्या एका तरुण किमयागारास अटकेत ठेवले होते. सोन्याचे काही लक्षण दिसेना, तेव्हा त्याला चिर्नहाउस नावाच्या विद्वानाच्या देखरेखीखाली चिनी मातीच्या शोधाला जुंपण्यात आले, आणि त्यातून १७१० साली माइसेन येथे कारखाना उभा राहिला. ज्या विद्येसाठी मनुष्य कोंडून ठेवावा लागला, तीच आज गुजरातेत मच्छू नदीच्या काठी मोरबीच्या परिसरात शेकडो भट्ट्यांतून रात्रंदिवस भाजली जाते, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली जाते आणि ट्रकवर लादून आमच्या दारी येते. आणि ज्या द्रव्याच्या कपबश्या आमच्या आजीने काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या, एकदोन नातजावयांखेरीज कोणाच्या ओठाला म्हणून लागू दिल्या नाहीत, त्याच द्रव्यावर आज आम्ही बटाट्यांची पिशवी आपटतो.

पांढरी चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली ठोकून १२०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजले, की त्याचे कण वितळून एकमेकांना असे घट्ट चिकटतात की मध्ये शिरायला पाण्यालाही वाव उरत नाही. पोर्सिलेन म्हणवून घ्यावयाचे असेल तर फरशीने आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषता कामा नये, असा दंडकच आहे. म्हणजे १०० किलो फरशी पाण्यात बुडवून ठेवली तरी ती अर्ध्या किलोवर घोट घेणार नाही. पिण्याच्या बाबतीत एवढा संयम फार थोड्या वस्तूंना, आणि त्याहून थोड्या व्यक्तींना साधलेला आहे. त्यातही वर काचलेप असेल तर तिच्यात काही मुरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पूर्वीच्या जमिनी अशा नव्हत्या. शेणाची जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी आपला हक्क मागून घेई, आणि तिच्यावर डाग पडणे ही कल्पनाच संभवत नसे, कारण जे सांडेल ते पुढच्या सारवणाखाली जाऊन जमिनीतच जमा होई. शहाबादी फरशी ही चुनखडीची. ती पाणी पिई, तेल पिई, लोणच्याचा खार पिई, आणि प्यायलेले सर्व आयुष्यभर अंगावर मिरवी. पुढे मोझाइकची लादी आली आणि तिच्यामागोमाग पॉलिशवाला आला : त्याचे ते घरघरणारे यंत्र, घरभर पसरणारा राखी चिखल, अखेरीस ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड टाकून काढलेली झिलई, आणि तेवढ्या मुदतीपुरते मामाकडे हलवलेले बिऱ्हाड, असा तो सोहळाच असे. मुंबईच्या अफगाण चर्चमध्ये मिंटनच्या लाद्या विलायतेहून आणून बसवल्या गेल्या, आणि १९२२ साली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघून देशी लादीचाही जमाना सुरू झाला; पण लादी विलायती असो वा स्वदेशी, तिला माणसाचा हात लागे आणि तो लागला की ती त्याची पोच देई. आता आलेल्या या नव्या फरशीला माणसाकडून काहीच नको आहे. केर काढावा, ओल्या फडक्याने पुसावे, कोरड्याने टिपावे, कामकाज समाप्त! परंतु जावयाने 'मला काही नको' म्हटले की सासरच्या मंडळींच्या पोटात जसा गोळा उठतो, तसाच या फरशीच्या निरिच्छपणाने गृहस्थाच्या पोटात उठतो, आणि तिला नेमके काय हवे असावे याचा शोध घेण्यास तो बाजारात निघतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सेवानिवृत्त मामलेदार राहतात. सारी इमारत त्यांना रावसाहेब म्हणते. सेवेत असताना त्यांनी दुष्काळ, पीकपाहणी, बांधावरच्या मारामाऱ्या आणि सातबाराच्या उताऱ्यावरील खाडाखोड अशा अनेक संकटांचा बंदोबस्त केला. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या अंमलाखाली सातशे चौरस फुटांचाच मुलूख उरला, आणि तो सगळा व्हिट्रिफाइड निघाला. अशा मुलखात तक्रार म्हणून उद्भवत नाही, आणि जेथे तक्रार नाही तेथे मामलेदाराने करावे काय?

ती तक्रार सूर्यनारायणाने पुरवली. ही फरशी उभ्याने पाहिली तर निष्कलंक दिसते. पण दुपार कलली की गॅलरीतून उन्हाची एक तिरीप आत शिरते आणि जमिनीला जवळजवळ समांतर होऊन पुढे सरकू लागते, आणि त्या प्रकाशात, सकाळपासून कोणाच्या स्वप्नातही नसलेल्या गोष्टी एकाएकी वर येतात. फडक्याचे अर्धवर्तुळाकार फराटे, एकात एक अडकलेले. बादली टेकली होती तेथील गोल वळे. न्हाणीघरातून देवघराकडे गेलेल्या ओल्या पावलांची रांग, जिच्यावरून घरात कोणाचा पाय सपाट आहे हेही सांगता यावे. आणि या सर्वांवर पसरलेला एक भुरकट, तेलकट, कोठे दाट तर कोठे विरळ असा पापुद्रा. रावसाहेबांनी हे दृश्य पाहिले आणि त्यांच्या मुद्रेवर निवृत्तीनंतर प्रथमच तेज चढले.

नातवाला पाठवून त्यांनी मला आणि तळमजल्यावरच्या एका विमा एजंटाला बोलावून घेतले. पंच दोन लागतात.

"या, या," रावसाहेब म्हणाले, "बसू नका. पालथे पडा."

आम्ही पालथे पडलो. रावसाहेब स्वतः आधीच पालथे पडले होते. त्यांच्या एका हातात विजेरी होती, दुसऱ्यात खापरी पेन्सिल, आणि नातू शेजारी वही घेऊन मांडी घालून बसला होता. "लिही," ते म्हणाले, "दिवाणखाना, वायव्य कोपरा, सोफ्याच्या पुढच्या पायापासून पूर्वेस दीड फूट. डाग एक. आकार अनियमित. रंग भुरकट. बोटाने घासला असता जागा सोडतो, परंतु वाळल्यावर पुनश्च हजर होतो." विमा एजंटाने, पंच या नात्याने, बोटाने घासून पाहिले आणि तसे होत असल्याची ग्वाही दिली. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अहो, पंचांना चहा द्यायचा आहे की नाही? नाहीतर सांडला म्हणजे पुन्हा एक कलम वाढवाल!"

पंचनाम्यानंतर जबानी झाली. घरोघरी फरशी पुसणाऱ्या मावशी नुकत्याच आत येऊन बादली भरीत होत्या. त्यांना पाचारण करण्यात आले. जमिनीवर आडव्या पडलेल्या तीन प्रौढ पुरुषांकडे त्यांनी क्षणभर पाहिले, आणि आपल्याला पुसायला जागा कोठून मिळणार एवढाच विचार त्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

"मावशी, खरं सांगा," रावसाहेबांनी विचारले, "हा डाग केव्हापासून आहे?"

"डाग कुठला आलाय, साहेब?" मावशी पदर खोचीत म्हणाल्या. "सकाळच्याला तुम्ही बादलीत ती वासाची बाटली वतता, तिचा थर हाय ह्यो. म्या पुसते ते निघतंय, तुम्ही वतता ते बसतंय."

'जबानीदार तांत्रिक बाबींशी अनभिज्ञ,' असा शेरा मारून रावसाहेबांनी ही जबानी दप्तरी दाखल केली. वस्तुतः या विषयावर इतके शास्त्रशुद्ध विधान मी आजवर कोठे वाचले नव्हते. साबणाची कॅल्शियमयुक्त जड पाण्याशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा एक चिकट साका तयार होतो. आणि उपनगरातल्या बोअरचे किंवा उन्हाळ्यातल्या टँकरचे पाणी असे की, तुरीची डाळ त्यात शिजण्यास राजी नसते. ते पाणी वाळते, क्षार मागे राहतात, साबणाचा साका त्यांना धरून बसतो, त्यावर सुगंधी फिनेलचा अवशेष चढतो. बाटलीवर 'एका बादलीस एक झाकण' असे छापलेले असते खरे. परंतु झाकणाने मोजून ओतणे हे आपल्या लोकांना कद्रूपणाचे लक्षण वाटते, आणि सुगंध जिन्यापर्यंत पोहोचला नाही तर फरशी पुसल्याचा पुरावा काय, असाही एक सवाल आहेच. दुसऱ्या दिवशी हा थर दिसतो म्हणून अधिक द्रव ओतला जातो, त्याने थर वाढतो, म्हणून तिसऱ्या दिवशी त्याहून उग्र द्रव येतो. सारांश, आपल्या फरशीवर जी घाण दिसते, ती बहुतांशी घाणीची नसून स्वच्छतेची असते.

त्यातच एका बादलीची पद्धत. स्वयंपाकघरात सुरू होऊन दिवाणखान्यात संपणारी ही पुसापुशी बारकाईने पाहिली, तर फोडणीचे तेल ओट्याखालून उचलून घरभर समन्यायाने वाटण्याची इतकी कार्यक्षम योजना कोणत्याही खात्याला आखता आली नसती, असे वाटते. दोष मावशींचा नाही; बादल्या दोन ठेवाव्यात आणि पाणी मध्येच बदलू द्यावे, एवढी उदारता घरधन्याकडे नसते. उपाय मात्र वर्तमानपत्रात जाहिरात न करता येण्याइतका स्वस्त आहे. आधी केर नीट काढावा, कारण चपलेबरोबर आलेली वाळू ही गारगोटीचीच जात असून गुळगुळीत फरशीवर ओरखडा काढण्याची तिची ताकद आहे. मग कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे चार थेंब, त्यानंतर निव्वळ पाण्याचा हात, आणि शेवटी कोरडे फडके. साचलेला तेलकट थर असेल तर गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून एकदाच घासून काढावे आणि साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावे. नव्या झिलईदार फरशीवर कारखान्यातून वाटेतल्या धक्क्यांसाठी मेणाचा एक हात दिलेला असतो. तो गवंड्याने काढला नसेल तर धूळ त्यावर चिकटून राहते, आणि लोक बिचाऱ्या मोरबीला दोष देतात.

पण कोमट पाण्याने समाधान होईल तो मामलेदार कसला! रावसाहेबांनी पुढचा इलाज म्हणून अ‍ॅसिडची बाटली मागवली. या बाटलीवर आपल्याकडे अमर्याद श्रद्धा आहे. तिच्यातील हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड जमिनीवर ओतताच सळसळ असा आवाज होतो, पांढरा फेस उसळतो, नाकाला झिणझिण्या येतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की वर्षानुवर्षांचा मळ आता शरण येत आहे. प्रत्यक्षात शरण येत असते ते दोन फरश्यांच्या मधले सिमेंट. फेस त्याच्या विरघळण्याचा असतो. फरशीला या अ‍ॅसिडाने सहसा ढिम्म होत नाही, पण सांधे पोखरले जातात, आणि पोखरलेल्या सांध्यात दुप्पट मळ बसतो. गंज काढण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असते, ते मात्र काचच खाते. ते फरशीच्या चकाकीला लागले की ती कायमची गेली, आणि कातडीला लागले तर हाडापर्यंत इजा करते. येथे विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो : अ‍ॅसिड आणि ब्लीच ही एका बादलीत कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर सोडला गेला, आणि बंद न्हाणीघरात तो शत्रू कोण नि आपण कोण हे विचारीत बसत नाही. सुदैवाने वहिनींनी ती बाटली रावसाहेबांच्या हातून वेळीच जप्त केली.

मग सीलरचा विचार निघाला. फरशीवर असा एक अदृश्य लेप चढवावयाचा की पुढे डाग म्हणून लागूच नये, ही कल्पना प्रशासकीय मनाला साहजिकच मोहक वाटते. गुन्हा घडल्यावर तपास करण्यापेक्षा जमावबंदी लावणे सोपे. रावसाहेबांबरोबर मीही दुकानात गेलो. शेठजींनी दगडाचे दोन तांबूस तुकडे आमच्यापुढे ठेवले, दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. एकात तो तत्काळ जिरून काळपट वर्तुळ उमटले, दुसऱ्यावर तो मोत्यासारखा डोलत राहिला. "बघा साहेब, हा लावलेला, हा न लावलेला." मी म्हटले, "शेठ, पण हा तर वाळूचा दगड आहे. आमच्याकडे पोर्सिलेन आहे." "तत्त्व एकच," शेठजी म्हणाले. तेव्हा मी शेजारचा व्हिट्रिफाइड फरशीचा एक कोरा नमुना उचलला आणि त्यावर थेंब टाकला. तो पसरला, पण पसरून तेथेच पडून राहिला, आत गेला नाही, आणि बऱ्याच वेळाने रुमालाने टिपला तेव्हा खाली खूण म्हणून नव्हती. शेठजींनी हा प्रयोग न पाहिल्यासारखे केले आणि रावसाहेबांकडे वळून पाच लिटरच्या कॅनवर किती सूट आहे ते सांगितले. सुटीचे दिवस आणि सूट ही दोन शासकीय अंतःकरणाची मर्मस्थाने. कॅन घेतला गेला. मी सांध्यांपुरता एक लिटर घेतला.

न्यायाच्या दृष्टीने सांगायला हवे की सगळ्या पोर्सिलेनला सीलर निरुपयोगी नसतो. काचलेप नसलेली फरशी यंत्रावर घासून झिलई काढली की तिच्या पोटातील बंद असलेली सूक्ष्म छिद्रे पृष्ठभागावर उघडी पडतात, आणि त्यांत शाई, हळद, कॉफी अडकू शकते. म्हणून कारखान्यातच ती छिद्रे सिलिकायुक्त द्रवाने भरून काढतात, आणि विक्रेते तिला 'नॅनो' फरशी म्हणून चार पैसे जास्त घेतात. जेथे ती भरलेली नसतील तेथे आत मुरणारा सीलर उपयोगी पडतो. माळ्यावर गवंड्याने ठेवून दिलेली एखादी उरलेली फरशी असतेच; तिच्यावर मार्करने रेघ ओढावी, पुसून पाहावी. रेघ निघाली तर सीलरचा विषय तेथेच निकालात निघाला.

रावसाहेबांनी रेघ ओढली नाही. एका रविवारी त्यांच्या दारावर 'चोवीस तास प्रवेशास सक्त मनाई' असा कागद लागला, घरची मंडळी स्वयंपाकघरात आणि शयनगृहात स्थानबद्ध झाली, आणि रावसाहेबांनी स्वहस्ते दिवाणखान्यावर सीलरचा हात फिरवला. हात सढळ होता. डब्यावरील सूचना अशी की लेप लावल्यावर थोड्या मिनिटांतच, तो वाळण्यापूर्वी, जादा द्रव फडक्याने पुसून घ्यावा. परंतु विकत घेतलेली वस्तू लावून लगेच पुसून टाकणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, असे म्हणून त्यांनी ते कलम अमलात आणले नाही. परिणाम जो व्हायचा तो झाला. जी फरशी पाणी पीत नाही ती सीलर तरी का पिईल? तो सगळा वरच राहिला, अर्धवट वाळला, आणि त्याचा ढगाळ रंगाचा एक चिकट पडदा झाला. त्यावर सपात टेकली की उचलताना 'चट्' असा आवाज होई, त्यामुळे रावसाहेब आता नेमके कोणत्या खोलीत आहेत हे खालच्या मजल्यावर आम्हाला बसल्या जागी कळे. पंख्याखालची धूळ, देवापुढच्या उदबत्तीची राख आणि वहिनींच्या वातींचा कापूस, जे जे उडाले ते ते त्यावर स्थायिक झाले. नातवाने खाली पाडलेला कागदी पतंग उचलताना शेपूट जमिनीलाच राहिले.

मावशींनी बादली खाली ठेवली, अंगठ्याने फरशी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "बसलं, साहेब."

हा पडदा निघतो कसा, हे सांगितले तर वाचकाला मी थट्टा करतो आहे असे वाटेल. आत मुरणाऱ्या सीलरचा वाळलेला थर काढण्याची एक मान्य रीत अशी की त्यावर पुन्हा तोच सीलर लावावा, जुना थर त्यात मऊ पडू द्यावा, आणि यावेळी मात्र ताबडतोब फडक्याने पुसून कोरडे करावे. चूक दुरुस्त करण्यासाठी तीच चूक पुन्हा, परंतु मुदतीत, करावयाची, हे तत्त्व रावसाहेबांना महसूल खात्यातून परिचित होते. त्यांनी ते बिनतक्रार अमलात आणले, आणि त्यांचा दिवाणखाना पुन्हा पूर्वी होता तसाच, म्हणजे ज्याला कशाचीही गरज नाही असा, झाला.

खरी गरज असते ती सांध्यांना. दोन फरश्यांमधल्या त्या अरुंद पट्टीकडे घर घेताना कोणी पाहत नाही. पण ती सिमेंटची, आणि म्हणून जन्मजात तहानलेली. आपले गवंडी तर फरशीला फरशी भिडवून मधल्या फटीत पांढरे सिमेंट बोटाने सारतात आणि वरून ओले फडके फिरवून मोकळे होतात. पुढे घरात जे काही घडते ते या फटीत नोंदले जाते. ओट्याखालच्या सांध्यावर हळदीची पिवळी नोंद, देवघरासमोर कुंकू आणि तेलाची, जेवणाच्या टेबलाखाली रश्शाची, दारापाशी पावसाळ्यातील चिखलाची. न्हाणीघराच्या तोंडाशी तर अनेक वर्षांचे दप्तर एकावर एक रचून काळे झालेले असते. एखाद्याच्या घरचा खाण्यापिण्याचा आणि देवाधर्माचा कल जाणून घ्यायचा असेल, तर यजमानाशी बोलत न बसता त्याचे सांधे वाचावेत. महागडी फरशी चोहोबाजूंनी या काळ्या रेघांनी वेढली गेली की सगळीच मळकट दिसते, आणि घरधनी घासत मात्र राहतो फरशीलाच.

सांध्यांचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते कोणी करीत नाही. खाण्याच्या सोड्याची ओलसर लगदी भरून ठेवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशाने घासायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे, आणि मग पंखा लावून पुरते वाळू द्यायचे. ओल्या सांध्यावर सीलर लावणे म्हणजे ओल आत कोंडणे. नवे सिमेंट भरले असेल तर ते पक्के होण्यास डब्यावर सांगितलेली मुदत द्यावी. मग बारीक कुंचल्याने फक्त रेघेवरून सीलर फिरवायचा, आणि बाजूच्या फरशीवर ओघळला तर तेथल्या तेथे पुसायचा. दुसऱ्या दिवशी सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. खालचा रंग गडद झाला नाही तर काम फत्ते. इपॉक्सीने भरलेल्या सांध्यांना यातले काहीच लागत नाही, पण इपॉक्सी महाग, आणि घट्ट होण्याच्या आत ती फरशीवरून पुसून काढावी लागते, म्हणून तिचे नाव काढताच आपल्या मिस्त्रीला दुसऱ्या साइटवरून फोन येतो. मी गुडघे टेकून, नाक फरशीपासून वीतभर अंतरावर ठेवून कुंचला फिरवीत असता आमची मंडळी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इतक्या नम्रपणे तुम्ही देवापुढे कधी बसल्याचं आठवत नाही मला." मी मान वर केली नाही, ओघळ पुसायचा राहिला असता.

सांधे अरुंद असल्याने सीलर फारच थोडा लागतो. माझ्या लिटरातला अर्ध्याहून अधिक आणि रावसाहेबांच्या कॅनमधला बराचसा, असा पुष्कळ चांगला माल आमच्या इमारतीत पडून आहे. चिनी मातीला तो नको आहे. शहाबादीला, कोट्याला, तांबड्या वाळूच्या दगडाला मात्र त्याची खरी गरज असते. ज्या कोणा वाचकाच्या जुन्या वाड्यात अजून शहाबादी शिल्लक असेल, त्याने डब्यावरील मुदत संपण्यापूर्वी येऊन तो घेऊन जावा. पैसे नकोत. रिकामी बाटली मात्र आपापली आणावी, आणि रावसाहेब रीतसर पोचपावती लिहून घेतील तिच्यावर मुकाट्याने सही करावी.